सणांच्या पानावर घरगुती रीतींनाही जागा द्यावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आपल्या दैनिकात सणांचे पान सुरू होते आणि ते तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. मी इंदूरची वाचक आहे. पूर्वी अंक उशिरा हाती पडत असे, आता तो मोबाइलवर सकाळीच वाचायला मिळतो, आणि हे पान मी कधी चुकवत नाही. त्यात पूजेचे मुहूर्त असतात, मंडळांचे देखावे असतात, बाजारातील गर्दी, सोन्याचे भाव आणि फराळाच्या पाककृती असतात. हे सारे असावेच. परंतु ज्यामुळे सण घरातल्या माणसांना आपला वाटतो, त्या घराघरांतील लहान लहान रीतींना या पानावर कधी जागा मिळालेली मी पाहिली नाही. या रीती कोणत्याही पोथीत नसतात आणि पुष्कळदा शेजारच्या घरीही नसतात. त्यांच्याविषयी, त्या माणसाला देत असलेल्या आधाराविषयी चार शब्द लिहावेत आणि आपल्याला एक विनंती करावी, यासाठी हे पत्र.

घरगुती रीत म्हणजे मला काय म्हणायचे आहे, ते आमच्याच घरच्या उदाहरणाने सांगते. माझे सासरे येथील एका कापड गिरणीत हिशेबाचे काम करीत. आमचे घर व्यापाऱ्याचे नव्हे. तरीही लक्ष्मीपूजनाला ते चौरंगावर लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही ठेवीत. साळीच्या लाह्या-बत्तासे यांचा नैवेद्य आणि नव्या केरसुणीची पूजा झाली, की वहीला हळद-कुंकू वाहून नवे पान उघडायचे, वर 'श्री' काढायचा आणि त्या दिवशीचे गूळ, तूरडाळ, गोडेतेल आणि सोने यांचे भाव लिहायचे. त्याखाली त्या रात्री घरात हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्या हाताने एक ओळ लिहायची, आणि ज्याला अजून अक्षर येत नाही त्या लेकराचा अंगठा कुंकवात बुडवून उमटवायचा. कुणी नोकरी लागल्याचे लिहिले आहे, कुणी लग्न ठरल्याचे, कुणी नळाला पाणी कमी येते म्हणून लिहिले आहे. ही रीत त्यांनी का सुरू केली, हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. सासरे गेले, त्यांची गिरणी त्याआधीच बंद पडली होती. वही मात्र चालू आहे, आणि ज्यांचे अंगठे तीत उमटले होते ती मुले आता स्वतःच्या मुलांचा हात धरून तो कुंकवात बुडवतात.

अशा रीतीला शास्त्राचा आधार शोधू नये, असे मला वाटते. आपल्याकडे मंगलकार्यात गुरुजीसुद्धा मध्येच थांबून 'तुमच्याकडे कसं करतात?' असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारतात आणि ती सांगेल तसे करतात. कुळाचाराला एवढा मान आपल्या परंपरेने पूर्वीपासून दिलेला आहे. वडीलधारी बाई 'आमच्याकडे असंच' एवढेच उत्तर देते आणि तेवढे पुरते.

इंदूरसारख्या गावात या 'आमच्याकडे'ला आणखी एक अर्थ येतो. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे आली आणि दरबारी, फडणिशी, शिक्षकी, वैद्यकी अशा नाना कामांसाठी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारत राज्यात गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि कचेरी, शाळा व बाजार यांतून मराठी हळूहळू मागे सरली. या गावाने १९१७, १९३५ आणि २००१ या तीन वर्षी मराठी साहित्य संमेलन भरवले, याचा आम्हांला अभिमान आहे. तथापि रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगर येथील घरांत मुलांच्या तोंडी जी मराठी आज उरली आहे, तिचा मोठा भाग सणांच्या दिवसांत स्वयंपाकघरात आणि देवघरात कानावर पडलेला आहे. शाळेत हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी मुलगी 'भाजणी गव्हावर दळू नका, तांदळावर दळा' असे चक्कीवाल्याला सांगून येते, ते तिने आजीकडून उचललेले असते.

आमच्या भिंतीवर दोन कालगणना शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक १९७३ पासून मराठी घरांत आलेले कालनिर्णय आणि दुसरे जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग. येथील हिंदी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. शेजारीण सावनातल्या सोमवारचा उपवास करीत असते तेव्हा आमचा आषाढच चालू असतो, राखीच्या पौर्णिमेला त्यांचा सावन संपतो, आणि पुढचे पंधरा दिवस सोमवारची शिवामूठ वाहणारे आम्ही तेवढे उरतो. माझ्या सासूबाई शेजारणीच्या सावनाच्या पहिल्या सोमवारी तिच्या घरी एक बेलाची जुडी पाठवीत आणि आमच्या पहिल्या सोमवारी तिच्याकडून आमच्याकडे जुडी येई. दोघींच्या महिन्यांचा मेळ कधी बसला नाही आणि त्यामुळे दोघींनाही दोनदा बेल मिळाला. आता त्या दोघीही नाहीत; मी आणि शेजारणीची सून तेच करतो.

तसेच मुलींचे. माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत संजा मांडतात. संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृती काढायची, रोज नवी, कधी चंद्र-सूर्य, कधी सातिया म्हणजे स्वस्तिक, कधी आठ पाकळ्यांचे फूल. तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाणी म्हणायची, आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, करायचा. मराठी घरांत ते पितृपक्षाचे दिवस असतात आणि मोठी माणसे श्राद्ध-पक्षात गुंतलेली असतात. पण माझ्या आईने आम्हां बहिणींना शेजारच्या भिंतीकडे जायला कधी मनाई केली नाही. लगेच पुढे नवरात्रात आमचा भोंडला सुरू होई. पाटावर हत्ती काढलेला, भोवती फेर, आणि फेर संपल्यावर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याची चुरस. त्या वेळी संजेच्या मैत्रिणी आमच्या अंगणात येत. त्यांना मराठी गाण्यांचे शब्द नीट येत नसत, मात्र खिरापत ओळखण्यात त्या आमच्या पुढे असत, कारण आमच्या आया रोज काय करतील याचा अंदाज त्यांना आमच्यापेक्षा चांगला होता. माझ्या नातीने हे दोन्ही पाहिले आहे. आता सिमेंटच्या भिंतीवर शेण लावायला कुणी धजत नाही, म्हणून ती जाड पुठ्ठ्यावर संजा काढते आणि तो पुठ्ठा दारामागे उभा करून ठेवते.

या लहान रीतींचा खरा उपयोग काय, हे मला ज्या वर्षी सासूबाई गेल्या त्या वर्षी कळले. आषाढात त्या गेल्या. वर्षभर सण करायचे नाहीत, हा आपल्याकडचा संकेत. त्यामुळे दिवाळीत कढई चढली नाही, दारी आकाशकंदील लागला नाही. दुःखाच्या घरी फराळ करायचा नसतो, तो आप्त आणि शेजारी आणून देतात, ही रीत मी लहानपणापासून ऐकली होती आणि दुसऱ्यांच्या घरी डबे पोहोचवलेही होते. पण आपल्या दारी डबा येतो तेव्हा काय होते, ते तेव्हा समजले. समोरच्या घरच्या मामी सकाळी चकल्या आणि शंकरपाळे घेऊन आल्या. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, सासूबाईंच्या फोटोला हात जोडले, माझ्या मिस्टरांना 'दुपारी दोन घास खा' म्हणून सांगितले आणि बसायलाही थांबल्या नाहीत. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, अशी एरवीची रीत आहे. मामींनी तो डबा कित्येक आठवडे मागितलाच नाही. तो कशाने भरून द्यावा, या पेचात त्यांना मला टाकायचे नव्हते. गल्लीतल्या हिंदी शेजारणीनेही तोंडाने काही न बोलता मठरी आणि पपडी आणून ठेवली.

त्या दिवसांत भेटायला आलेली माणसे खूप बोलत आणि त्यांचे बोलणे मनापासूनचे असे, तरीही त्यातले मला फारसे आठवत नाही. मामींचा स्टीलचा डबा, त्याच्या झाकणावर कोरलेले त्यांच्या सासऱ्यांचे नाव, आणि आत चकल्यांखाली घडी करून घातलेला कागद हे मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन साधेपणाने, दिवा लावून झाले. वही काढावी की नाही, असा प्रश्न आला. मिस्टरांनी ती काढली, नेहमीप्रमाणे भाव लिहिले आणि खाली ओळी न लिहिता मिटली. काहीच करायचे नाही असे ठरवले असते, तर ती संध्याकाळ आम्हांला घालवता आली नसती. आणि सगळे पूर्वीसारखे करायचे ठरवले असते, तर ते सोसले नसते. रीतीने आम्हांला या दोहोंच्या मधली एक जागा दिली. मन थाऱ्यावर नसते तेव्हा माणसाला निर्णय घ्यायला लावू नये, ठरलेले लहानसे काम हाताला द्यावे, हे शहाणपण आपल्या जुन्या बायकांना होते, असे मला तेव्हापासून वाटते.

इंदुरात या गोष्टीचे एक मोठे, सगळ्यांना दिसणारे उदाहरण आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री येथे झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण या गिरण्यांच्या कामगारांनी त्या आपल्या हातांनी उभ्या केल्या. गिरण्या एकेक करून बंद झाल्या. हुकुमचंद मिलला १९९१ मध्ये कुलूप लागले आणि तिच्या कामगारांची थकबाकी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. एवढ्या सगळ्या काळात, कोरोनाची दोन वर्षे सोडली तर, झांकी मात्र बंद पडली नाही. वर्गणी आणि मदत गोळा करून, बंद गिरणीच्या नावाचा फलक पुढे लावून ती जेल रोडवरून, खजुरी बाजारातून जात राहिली. ज्यांच्या घरी पगार येत नव्हता त्यांनी ती का चालू ठेवली, असे बाहेरून आलेला माणूस विचारतो. येथील माणूस विचारत नाही. त्या रात्री चटई आणि पाण्याची बाटली घेऊन ठरलेल्या दुकानाच्या ठरलेल्या ओट्यावर जाऊन बसणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत. दुकानाचा मालक बदलला तरी ओटा त्यांचाच राहिला आहे. वृत्तपत्रे झांकीचा क्रमांक आणि गर्दीचा आकडा छापतात. त्या ओट्यावर जमणाऱ्या कुटुंबांविषयी कुणी लिहीत नाही.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाही तर हे पत्र अपुरे राहील. सगळ्याच रीती दिलासा देत नाहीत. ज्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी बसतात त्या घरी सोळा भाज्या, पंचपक्वान्ने आणि सवाष्णींच्या पंगती असतात. पूर्वी चार जावा मिळून करीत ते आता नोकरीवरून आलेली एकटी सून करते, आणि तिला कुणी 'दमलीस का' असे विचारत नाही. तिला त्या सणातून कसला आधार मिळणार? हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवायचे नाही, हीही एक रीतच होती, आणि तिने कितीतरी बायकांना त्यांच्याच घरात परके केले. आमच्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू सासूबाईंनी स्वतः बदलले. सासरे गेल्यावर त्या स्वतः दारात उभ्या राहून सगळ्याच बायकांना तिळगूळ देऊ लागल्या आणि स्वतःही घेऊ लागल्या. काही जणी त्या वर्षी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या. रीत टिकवायची याचा अर्थ ती जशीच्या तशी वाहून न्यायची, असे मी मानत नाही. एकाच माणसाला थकवणारी किंवा एखाद्याला दाराबाहेर ठेवणारी रीत बदलावी, आणि बदलता येत नसेल तर सोडावी. सोळांच्या जागी पाच भाज्या केल्याने गौरी रागावत नाहीत. आमच्या जाऊबाई आता पाचच करतात, त्याही मुलगा आणि सून मिळून चिरतात.

पुष्कळ घरे आता लहान झाली आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी असतात, आणि मागे एक-दोन वयस्क माणसे उरतात. त्यांना सणाच्या दिवशी 'आता कुणासाठी करायचं?' असा प्रश्न पडतो, तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांच्यासाठी या लहान रीती फार मोलाच्या आहेत, कारण त्यांना माणसांचा गोतावळा लागत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य असते, ते चंपाषष्ठीला सुटते; त्या दिवशी ते स्वतः वांगे भाजून भरीत करतात, एरवी घरात नसलेले बाजरीचे पीठ मुद्दाम आणून भाकरी थापतात, खंडोबाला नैवेद्य दाखवतात आणि मग बहिणीला फोन लावून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणतात. बहीण पलीकडून तेच म्हणते. तळी उचलायला पाच माणसे नाहीत, म्हणून त्यांचे काही अडलेले नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा एक पाला आणि साखरेची एक गाठी, अभ्यंगस्नानाला चमचाभर उटणे, किल्ल्यावर पेरायला मूठभर अळीव, यांतले काहीही एकट्या माणसाला जड नाही. त्या दिवसाला ठरलेले एक काम मिळाले, की पुढचे तास आपोआप जातात.

आता विनंती. आपण सणांच्या पानावर दर आठवड्याला 'आमच्या घरची रीत' असे एखादे लहानसे सदर सुरू करावे आणि वाचकांना आपापल्या घरची एकेक रीत दीड-दोनशे शब्दांत लिहून पाठवायला सांगावे. त्यात पाककृती किंवा विधी नको. कोण करते, कधी करते, कुणाकडून शिकले, आणि ती कुणाच्या पाठीमागे बदलली, एवढे असावे. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना त्यात आवर्जून जागा द्यावी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथील मराठी घरांत शेजाऱ्यांच्या भाषेशी आणि पंचांगाशी जुळवून घेत ज्या रीती घडल्या, त्या पुण्या-मुंबईच्या वाचकांना नव्या वाटतील, आणि त्यांच्या रीती आम्हांला. मुलांनी लिहिलेले मजकूरही घ्यावेत. ज्यांच्या घरी त्या वर्षी सण नाही त्यांचे पत्र आले, तर तेही छापावे.

दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आली आहे आणि या दिवसांत मराठी माणूस वाचायला बसतो, तेव्हा हे सदर वाचकांविना राहील असे मला वाटत नाही. मात्र आवाहन दिवाळीच्या तोंडावर न छापता गणपतीच्या आधीच छापावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय हे लिहिता येणार नाही, पुष्कळांना त्यासाठी गावोगावी फोन करावे लागतील, आणि ज्यांना विचारायचे त्यांपैकी अनेकांचे वय झालेले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, इंदूर